आखाड पार्टी, पट्टाया आणि मधली पौर्णिमा

मी नाशिकहून ग्रुप टूर काढतो. वर्षाला आठ-दहा ग्रुप, त्यातले तीन-चार थायलंडचे. हे प्रकरण जुलै २०२४ मधलं आहे. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना गुन्हेगार शोधत बसायला नको.

ग्रुप म्हणजे अंबड-सातपूर पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांची भिशी. कुणी प्रेस-टूलवाला, कुणी टर्निंगवाला, एकाचं पावडर कोटिंग. अकरा जण, अकरा वहिनी, एकूण बावीस. भिशीचा कारभार ज्यांच्याकडे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात; मीही अण्णाच म्हणतो. दोन वर्षं बाजूला टाकलेल्या पैशातून ‘या वर्षीची आखाड पार्टी थेट पट्टायाला’ असं ठरलं, आणि एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

तारखा कशा ठरल्या ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. अण्णांच्या खुर्चीमागं कालनिर्णय लटकत होतं. जुलैचं पान वर केलं. १७ तारखेला, बुधवारी, आषाढी एकादशी. त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, असं निम्म्या घरांतून आलेलं. पुढं ४ ऑगस्टला, रविवारी, गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, तोही सोमवारानंच सुरू. म्हणजे १८ च्या रात्री निघायचं, २३ ला परत. शुक्रवार, शनिवार, रविवार पट्टायात, सोमवारी बँकॉक. अण्णांनी बोट १७ वरून उचललं ते थेट ऑगस्टचं पान उलटून ४ वर ठेवलं. मधे २१ च्या लाल चौकोनात ‘गुरुपौर्णिमा’ छापलेलं होतं. एकादशी पाहिली, अमावास्या पाहिली. मधली पौर्णिमा केबिनमधल्या पाचही जणांच्या डोळ्यांत भरली नाही. त्या पाचांत मीही होतो, आणि पैसे घेऊन तारखा पाहणारा मी एकटाच होतो.

कार्यक्रम मी असा आखला होता. शुक्रवारी सकाळी बँकॉकला उतरायचं, बसनं दोन तासांत पट्टाया, आराम, भारतीय हॉटेलात जेवण आणि झोप. शनिवारी दिवसा कोरल आयलंड, म्हणजे को लार्न. शनिवारी आणि रविवारी रात्री वॉकिंग स्ट्रीट: दोन्ही रात्री एकेका क्लबचा प्रवेश, त्यात एक पेय. माहितीपत्रकात मी लिहिलं होतं, ‘दोन रात्री पट्टायाची झगमगती नाइटलाइफ’. संध्याकाळचं बाकी काहीच लिहिलेलं नव्हतं. शो वगैरे ‘ऐच्छिक, स्वखर्चानं’ या ओळीत ढकलून दिले होते. पट्टाया म्हटल्यावर आणखी काय लागतं, अशी माझी समजूत.

शुक्रवारची रात्र मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. कसारा घाटातला पाऊस, भिवंडीची कोंडी, मग रात्रीचं विमान, आणि आपल्यापेक्षा दीड तास पुढं असलेलं घड्याळ. एवढं झाल्यावर माणूस नाचत नाही, घोरतो. विचार बरोबर होता. फक्त नेमकी तीच एक रात्र ओली, म्हणजे दारू मिळणारी, होती.

शुक्रवार, रात्री पावणेबारा

चौघं जण न झोपता पायीच वॉकिंग स्ट्रीटला गेले होते. त्यातल्या एकाचा फोन आला.

“साहेब, इथं बिलं मागायला लागलेत सगळीकडे. पोरगी म्हणते बारानंतर काही नाही. उद्या पण नाही, परवा पण नाही. काय भानगड आहे भो?”

मी पायात चपला सरकवल्या आणि खाली आलो. हॉटेलशेजारच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये एक पोरगा बिअरच्या फ्रिजवर पांढरं कापड लावत होता. वरचं टोक चिकटपट्टीनं चिकटवून झालं होतं, खालचं सारखं सुटत होतं. दारावर कागद: थाईत चार ओळी, खाली आकडे २० आणि २१, आणि बाटलीवर लाल फुली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोटानं आकाशाकडे दाखवलं आणि म्हणाला, “बुद्धा.”

खोलीत येऊन मी बँकॉकच्या एजंटचा जूनमधला मेल उघडला. हॉटेलची नावं, बसचा नंबर, जेवणाच्या वेळा, आणि अगदी शेवटी एक ओळ: २० आणि २१ जुलै रोजी बौद्ध सुट्टी असल्यानं करमणुकीच्या ठिकाणांत बदल संभवतो. ही ओळ मी वाचली होती. वाचून ‘बँका बंद असतील’ एवढंच मनाशी म्हटलं होतं.

नियम असा. थायलंडमध्ये पाच बौद्ध दिवस आहेत ज्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, पूर्ण चोवीस तास, दारू विकता येत नसे. माखा बुचा ही आपली माघ पौर्णिमा. विसाखा बुचा म्हणजे बुद्ध पौर्णिमा. आसान्हा बुचा म्हणजे आषाढी पौर्णिमा. नावातच आषाढ आहे. तिच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात त्या वर्षावासाचा आरंभ. आणि वर्षावास संपतो तो ओक फान्सा, साधारण आपल्या कोजागिरीला. २००८ च्या दारू नियंत्रण कायद्याखाली ही बंदी चाले, आणि विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार बाटपर्यंत दंड होऊ शके. आपल्याकडे २ ऑक्टोबरला दुकानाचं शटर खाली येतं, त्यातलाच प्रकार. पाचांपैकी तीन दिवस एकेकटे येतात. लागोपाठ दोन दिवस येतात ते फक्त आषाढात. २०२४ मध्ये ते शनिवार-रविवार होते. मी दोन रात्री निवडल्या होत्या आणि दोन्ही नेमक्या त्याच.

एरवी शहर उदार आहे, हे तर आणखी झोंबणारं. डिसेंबर २०२३ मध्ये पट्टाया ज्या चोनबुरी प्रांतात येतं तिथं करमणुकीच्या ठिकाणांना पहाटे ४ पर्यंतची मुभा मिळाली होती. १५ जुलैपासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येऊ लागलं होतं. सगळी दारं उघडी, आणि आम्ही बरोबर त्या अठ्ठेचाळीस तासांत जाऊन पोचलो होतो.

नाश्त्याची बैठक

शनिवारी सकाळी अण्णांनी ताटात पोहे घेतले (भारतीय हॉटेल होतं, पोह्यांत साखर जरा जास्त) आणि शांतपणे विचारलं, “मग आता दोन रात्री काय, भजन करायचं का?”

हशा झाला, पण त्या हशात राग होता. एक जण म्हणाला, बँकॉकला जाऊ. बँकॉकलाही तेच. दुसरा म्हणाला, रस्त्यावर कुजबुजत विचारतात, कॉफीच्या मगात बिअर देतात. देतात, खरं आहे. मी नाही म्हटलं. तेव्हा धाड पडली तर दंड विकणाऱ्याला होत असे, पण पोलिसाच्या टॉर्चच्या उजेडात माझ्या ग्रुपमधल्या वहिनी बसलेल्या असतील तर मला नाशिकमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. (दोघं गेलेच. मगात बिअरपेक्षा बर्फ जास्त होता, हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं.)

मग एक गोष्ट घडली जिच्यामुळं मी हे सगळं लिहायला बसलो आहे. पावडर कोटिंगवाल्यांच्या वहिनी, ज्या आदल्या दिवसापासून फारसं बोलल्या नव्हत्या, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “पण दोन्ही रात्री तिथंच जायचं, हे ठरवलं कुणी?”

टेबलावर कुणी काही बोललं नाही. ठरवलं अण्णांनी आणि मी. अकरा पुरुषांना विचारून, तेही अर्धवट. उरलेल्या अकरांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉकिंग स्ट्रीट काय आहे हे मला माहीत आहे: संध्याकाळी ६ नंतर गाड्या बंद, दोन्ही बाजूंना निऑन, मधे मासळीची हॉटेलं, आणि बाकी बार, गो-गो, दारात उभ्या मुली. देहविक्रय थायलंडमध्येही १९९६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. रस्त्यावरून चालताना तसं वाटत नाही. जोडप्यानं एकदा पाहून यावं इथपर्यंत ठीक. सलग दोन रात्री, प्रत्येकी चार तास? कागदावर मी त्याला ‘झगमगती नाइटलाइफ’ म्हटलं होतं, आणि त्या शब्दाआड सगळं झाकलं गेलं होतं.

मी कागद घेतला आणि विचारत गेलो. दारू हा विषय बाजूला ठेवला तर संध्याकाळी ६ ते १२ मध्ये तुम्हाला काय करायला आवडेल? तिघींना बाजार. चार जोडप्यांना शो. एकाला समुद्रावर नुसतं बसायचं होतं. एका जोडप्यानं एकादशीपासून चातुर्मास धरला होता, कांदा-लसूण-वांगं बंद. त्यांना आधी पोटाची चिंता. आणि प्रेस-टूलवाले आमचे एक मित्र, नाशिकरोडला राहतात, ते जरा संकोचून म्हणाले, “साहेब, आज पौर्णिमा. आई विहारात असेल. इथं जवळ एखादं देऊळ असेल तर मी जाऊन येईन म्हणतो.”

त्यांच्या घरात वर्षावास पाळतात. तीन महिने संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. तीन महिने आधी केबिनमध्ये त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी तारीख तोंडपाठ सांगितली असती. त्या दिवशी ते केबिनमध्ये नव्हते. त्यांच्या मशीनचं काम निघालं होतं.

शनिवारची संध्याकाळ

को लार्न ठरल्याप्रमाणे झालं. बाली हाय धक्क्यावरून तेव्हा सार्वजनिक बोट ३० बाटला नेत असे. आम्ही स्पीडबोटीनं गेलो. बेटाबद्दल फार लिहीत नाही, पाणी निळं होतं आणि सगळे काळे होऊन परत आले.

संध्याकाळी ग्रुप तीन वाटांनी गेला. मोठा भाग शोला, काही जण बाजार-देऊळ आटोपून मागाहून. पट्टायाचे कॅबरे शो जुने आहेत; टिफनीज १९७४ पासून चालू आहे, अल्काझार १९८१ पासून. रंगमंचावरचे बहुतेक कलाकार पुरुष म्हणून जन्मलेले, पोशाख मात्र असे की आपल्या लावणीच्या फडातल्या शालूंनी मान खाली घालावी. मी हॉटेलच्या काउंटरवरून फोन करून विचारलं: शो आहे का? आहे. बार? बंद. बस, एवढंच तर विचारायचं होतं. नाइटलाइफ म्हणजे एक मोठं बटण असावं आणि सरकारनं ते बंद केलं असावं, असं मी मध्यरात्रीपासून धरून बसलो होतो. बटणं वेगवेगळी होती. शो चालू, बाजार चालू, मसाज चालू, समुद्रावरची गार हवा तर चालूच. फक्त दारूचं बटण बंद होतं, आणि माझा कार्यक्रम तेवढ्या एका वायरवर जोडलेला होता.

दुसरी वाट थेप्रासित रोडच्या रात्रीच्या बाजाराची. तिथं चातुर्मासवाल्या जोडप्याचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. थाई लोकांत ‘जे’ नावाचा कडक शाकाहार आहे. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण लसूण, कांदा, पात हेही वर्ज्य. गाड्यावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर दिसलं की समजायचं. पौर्णिमेमुळं त्या रात्री अशा पताका जास्त दिसत होत्या. काकूंनी नाशिकहून दशम्या आणि मेतकूट आणलं होतं. ते पिशवीतच राहिलं आणि काकूंनी टोफू, मशरूम घातलेल्या शेवया दोनदा घेतल्या. “अहो, हे तर आपल्यापेक्षा कडक आहेत,” असं त्या काकांना म्हणाल्या. त्यावर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात.

तिसऱ्या वाटेनं मी गेलो. आम्ही नऊ जण. दक्षिण पट्टायातलं वाट चाय मोंगखोन; वॉकिंग स्ट्रीटपासून फार लांब नाही. आवारात शे-दोनशे माणसं, बरीच पांढऱ्या कपड्यांत. टेबलावरून प्रत्येकानं एक मिटलेलं कमळ, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती घ्यायची, डबीत पैसे टाकायचे. मग मुख्य मंदिराभोवती तीन प्रदक्षिणा, आपल्यासारख्याच उजव्या बाजूनं. याला तिथं ‘विएन थिएन’ म्हणतात. सारनाथला पाच भिक्खूंना बुद्धांनी पहिला उपदेश केला, त्याची ही पौर्णिमा.

वारा होता. मेणबत्ती विझली की शेजारची बाई न विचारता आपली ज्योत पुढं करी. दुसऱ्या फेरीत भोंग्यावरून पठण सुरू झालं. आमचे नाशिकरोडचे मित्र एकदम थांबले. मागचा माणूस त्यांच्यावर आदळला. “अहो, हे तर सरणं चाललंय,” ते म्हणाले. मला आधी काहीच कळेना. थाई तोंडात पाली फार वेगळी होते. “फुत्थांग सरनांग खच्छामि.” मग मलाही ऐकू आलं. बुद्धं सरणं गच्छामि. ते आपल्या उच्चारात म्हणू लागले, अर्धा श्वास पुढं, अर्धा मागं, पण ओळ तीच. पुढची ओळ येण्याआधी त्यांना ठाऊक होती, आणि त्या गर्दीत आम्हा नऊ जणांत तेवढे एकच घरी होते.

परतताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला आजही अंबडला जाताना आठवते. त्यांच्या कारखान्याच्या गच्चीवरून त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव ठेवली, महिना शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा: वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. “आपली भिशीच की साहेब,” ते म्हणाले. गोवर्धन गाव गंगापूर रोडला आजही आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकला पावसाळ्यातल्या या तीन महिन्यांचं अंदाजपत्रक दगडात कोरलेलं होतं, आणि मी मेलमधली शेवटची ओळ वाचून बँका बंद म्हणालो होतो.

पत्ते

रात्री साडेबाराला गाइडचा फोन. आवाज घाबरलेला. पाचव्या मजल्यावरच्या खोलीत भिशीची मैफल जमली होती. मुंबई विमानतळावरून आणलेल्या बाटल्या होत्या. माणशी एक लिटर नेता येते आणि बंदी विक्रीवर होती, आपल्या खोलीत आपली बाटली उघडण्यावर नाही. तेवढं ठीक. पण पलंगावर तीन पत्ती रंगली होती, नोटा मधोमध, आणि पत्त्यांचे तीन जोड.

गाइड दारातच उभा राहून जोड मोजत होता. थायलंडमध्ये पैशानं जुगार गुन्हा आहेच, पण पत्त्यांचाही एक वेगळा कायदा आहे, १९३५ चा: परवान्याशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगायचे नाहीत. ऐकायला थट्टा वाटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच पट्टायात ब्रिज खेळणारे ३२ परदेशी लोक पोलिसांनी उचलले होते, बहुतेक म्हातारे. आणि पैसे लावल्याचा पुरावा न मिळाल्यावर हेच पत्त्यांचं कलम पुढं आलं. दोन जोड म्हणजे १०४. तीन जोड म्हणजे १५६. मी एक जोड खिशात घातला, नोटा त्यांच्या खिशात घालायला लावल्या, आणि तासभर ते लोक काजू लावून खेळले. अण्णा सतरा काजू हरले आणि त्यांनी ते खाऊन टाकले.

रविवार मध्यरात्र

दुसऱ्या दिवशी मी एक साधा हिशेब केला. बंदी रविवारी रात्री १२ ला संपते. परवानगी पहाटे ४ पर्यंत आहे. म्हणजे सोमवारच्या पहिल्या चार तासांत रस्ता कायद्यानं मोकळा. गाइड म्हणाला, काही उघडतात, सगळे नाही. ग्रुपला सांगितलं: दुपारी सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ, ते संपूर्ण लाकडाचं, कोरीव, प्रचंड मंदिर, १९८१ ला काम सुरू झालेलं, संध्याकाळी लवकर जेवण, ८ ते साडेअकरा झोप, मग ज्याला यायचं तो खाली. बँकॉकची बस ८ ऐवजी ११ ला. ड्रायव्हरचे जादा दोन हजार बाट माझ्याकडून.

चौदा जण आले. पाच वहिनी होत्या, त्यातल्या एक पावडर कोटिंगवाल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी वॉकिंग स्ट्रीट अशी दिसत होती: निम्मी शटरं खाली, एक पोरगा हातगाडीवर बिअरचे क्रेट खडखडत नेतोय, एक मुलगी पावडर लावता लावता दुसऱ्या हातानं उंच स्टूल पुसतेय, कुठंतरी स्पीकर आधी खरखरला आणि मग एकदम पूर्ण आवाजात सुरू झाला. झगमगाट चालू होण्याआधीची ती पंधरा मिनिटं, मेकअपशिवायचा रस्ता, मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. वहिनी चाळीस मिनिटं हिंडल्या, एक नारळपाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “बघितलं. चला.” पुरुष मंडळी अडीचला परतली.

पैसे

अण्णांनी परतीच्या विमानातच सांगितलं होतं की माणशी पाच हजार परत हवेत, म्हणजे एक लाख दहा हजार. ‘दोन रात्री’ असं छापलं होतं, मिळाली अर्धी. नाहीतर ग्राहक आयोग. सेवेतली त्रुटी म्हणतात ती हीच, २०१९ चा कायदा मलाही माहीत आहे, असंही म्हणाले.

माझा हिशेब: क्लबचा प्रवेश आणि पेय माणशी ४०० बाट, दोन रात्री, बावीस माणसं, १७,६०० बाट. त्या वेळच्या साधारण २.३० रुपयांच्या भावानं ४०,४८० रुपये. प्रवेश वापरलेच नाहीत म्हणून एजंटनं ही रक्कम पूर्ण परत केली. शोची अठरा तिकिटं मी काढली होती, एजंटच्या दरानं ६०० बाटची, १०,८०० बाट. बसचे दोन हजार. म्हणजे माझे १२,८०० बाट, २९,४४० रुपये, गेले होते. धंद्यातला कुणीही सांगेल की शोचा खर्च वळता करा आणि उरलेले द्या. मी तसा कागद तयारही केला.

तो पाहून अण्णा म्हणाले, “शो आम्ही कुठं मागितला होता? तुमची चूक झाकायला तुम्ही दाखवला.” शो त्यांना आवडला होता, दोनदा उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तरी मुद्दा बरोबर होता. मेलमधली ओळ मी वाचली नसती तर कदाचित भांडलो असतो. मग ठरलं असं: ४०,४८० पूर्ण परत, माणशी १,८४०. शो आणि बस माझ्या खिशातून. एक लाख दहाचा विषय अण्णांनी सोडला; का सोडला हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तेव्हापासून थायलंडच्या तारखा ठरवताना मी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवतो, कारण आपलं एकटं पुरत नाही. २०२३ मध्ये आपली गुरुपौर्णिमा ३ जुलैला झाली आणि त्यांची आसान्हा बुचा १ ऑगस्टला. त्या वर्षी त्यांनी आठवा महिना दुप्पट केला, आपल्याकडे अधिक श्रावण आला. दोघांनी जादा महिना घातला, पण वेगळ्या जागी. २०२४ मध्ये पौर्णिमेचा दिवसही एकानं मागेपुढं: त्यांची २० ला, आपली २१ ला. आणि मे २०२५ पासून नियमही सैल झाला आहे. हॉटेलं, परवानाधारक करमणुकीची ठिकाणं, आंतरराष्ट्रीय विमानतळ यांना त्या पाच दिवशी विक्रीची मुभा मिळाली, दुकानांना नाही. म्हणजे आज तोच ग्रुप त्याच तिथीला गेला तर शनिवारची रात्र वेगळी जाईल. माझ्या फॉर्मवर मात्र आता प्रत्येक माणसासाठी, नवरा-बायकोसाठी वेगवेगळा, एक रकाना आहे: संध्याकाळी ६ नंतर काय आवडतं. पहिल्याच ग्रुपमध्ये एका काकांनी त्यात ‘झोप’ लिहिलं.

पैसे द्यायला मी गटारीच्या दिवशी गेलो. रविवार, ४ ऑगस्ट, त्र्यंबक रोडला भिशीतल्या एकाच्या मळ्यावर. पाऊस बाहेर आडवा कोसळत होता, पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर मटण शिजत होतं, नाशिकरोडचे मित्र आणि चातुर्मासवाले काका-काकू वगळता सगळे होते. मी पाकीट अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी मोजलं आणि कुर्त्याच्या खिशात घालायला गेले.

“अण्णा, थांबा,” पावडर कोटिंगवाल्या वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या. “त्यातले आमच्या अकरा जणींचे आमच्या हातात द्या.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलवर आकडा काढून दाखवला: वीस हजार दोनशे चाळीस. वहिनींनी पिठाचे हात पदराला पुसले, नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि मला विचारलं, “भाऊ, कोजागिरीला कुठं काय बंद असतं, ते जरा बघून सांगा.”